मथुराअक्का आणि सातवा तोडा

तुम्ही परवा बाजारातून पालकाची जुडी आणलीत, ती कितव्या तोड्याची होती?

सांगता येणार नाही. जुनी मोटारसायकल घेताना ती किती चालली आहे हे तुम्ही तीनदा विचारता. पोटात जायच्या भाजीला एकच प्रश्न विचारता, जुडी एवढीशीच का. मलाही फुशारकी मारायला जागा नाही. पाच वर्षांपूर्वी जळगावच्या भाजीबाजारात मथुराअक्काने हाच प्रश्न मला विचारला, तेव्हा मी तोंड उघडं टाकून उभा होतो. तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली, तिच्यावर पाणी शिंपडलं, ती पोत्यावर परत ठेवली आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

मी चिडून म्हणालो, की पालक म्हणजे पालक, त्यात कितवा काय विचारायचं. अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. शेजारी बसलेल्या अशोकभाऊला ती म्हणाली, "हाऊ मानूस बाईले बी बाई म्हनजे बाई म्हनत व्हई."

अर्धा बाजार हसला. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. अपमान कोणी आणि का केला हे समजून घेतल्याशिवाय मला झोप लागत नाही. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी अक्षरं त्यांवरच गिरवली. अन्याय दिसला की खाली मागण्या लिहायच्या, एवढं शिक्षण मला व्यवस्थित मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी तिने समजावून सांगितलं, म्हणजे रागावूनच सांगितलं. पालक पेरल्यावर महिन्याभराने कापायला येतो. कापला की त्याच बुडख्यातून पुन्हा पानं फुटतात, पंधरा-अठरा दिवसांनी पुन्हा कापता येतो. अशा एकेका कापणीला तोडा म्हणतात. पहिल्या तोड्याचं पान कोवळं, लहान मुलाच्या कानासारखं. दुसऱ्या-तिसऱ्याचं रुंद आणि भरलेलं. चौथ्यापासून देठ बळावतो. पाचव्यानंतर झाड जे देतं ते नाइलाजाने देतं. पान बारीक होतं, टोकाला अणकुचीदार होतं, देठात दोरा येतो. असा पालक कितीही शिजवला तरी दातांत अडकतो आणि घरातल्या बाईला सगळे विचारतात, की आज भाजी अशी का केलीस.

"भाजी करनारीले बोलतस," अक्का म्हणाली, "कापनारीले कोनी बोलत नही."

तर ही कापणारी. मथुराअक्का असोद्याची. साडेचार फूट उंची, कपाळावर जुन्या रुपयाएवढं गोंदण, आणि उजव्या हाताच्या बोटांना पानांच्या रसाचा असा काळा रंग चढलेला की लग्नाच्या मेंदीपेक्षा तोच तिला शोभतो. माहेर धरणगावकडचं. असोद्यात नांदून चाळीस वर्षं झाली, गावाची बोली वेगळी, पण अक्काने आपल्या अहिराणीतलं 'शे' आणि 'बठ्ठा', म्हणजे आहे आणि सगळा, सोडलं नाही. गावातल्या बायका तिची नक्कल करत, तेव्हा ती त्यांच्या नकलेतल्याही चुका दुरुस्त करी.

गावाबाहेर विहिरीच्या कडेला तिचे दहा गुंठे. आजूबाजूला केळी आणि कापूस, आणि मधे हे पालेभाजीचे वाफे, मोठ्या माणसांच्या पंगतीत पोरं बसावीत तसे. पहाटे कापायचं, पहिल्या बसने जळगावला यायचं, बाजारातल्या भिंतीलगत एक पोतं अंथरायचं. तीन हात जागा. तीस वर्षांत ती जागा इकडची तिकडे झाली नव्हती.

आता तिच्या गाठी. अक्का जुड्या केळीच्या वाळलेल्या सोपटाने बांधते. पहिल्या तोड्याच्या जुडीला एक गाठ, दुसऱ्याच्या जुडीला दोन, तिसऱ्याला तीन. चार गाठींच्या जुड्या ती वेगळ्या ठेवी आणि घेणाऱ्याला बजावून सांगे की हिची भाजी नको, हिचे मुटके कर, नाहीतर डाळीत घोट. पाच गाठींची जुडी मी कधी पाहिली नाही. पाचवा तोडा ती गाईला घाली. सहावा तिच्या वाफ्याने कधी पाहिलाच नाही.

वाचता न येणाऱ्या बाईने काढलेली ही पद्धत. पाकिटावर बारीक अक्षरांत काय काय छापणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना जे जमत नाही, ते ती सोपटाच्या गाठीत सांगत होती. आणि आपण काय करत होतो? गाठ सोडायला वेळ लागतो म्हणून सोपट सुरीने कापत होतो.

तिच्याकडून भाजी घेणं ही तोंडी परीक्षा असे. घरात माणसं किती, म्हातारं कोणी आहे का, दात आहेत का, डाळीत टाकणार की परतणार. उत्तर चुकलं तर माल मिळत नसे. एकदा एका साहेबांनी सांगितलं की त्यांना पालकाचा रस काढून प्यायचा आहे. अक्काने त्यांना मेथी दिली. साहेब म्हणाले, मी पालक मागितला. अक्का म्हणाली, रसच काढायचा आहे तर निदान उपटलेल्या भाजीचा काढा, जी पुन्हा वाढणार आहे तिचा कशाला. साहेबांना हे कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही, पण साहेब मेथी घेऊन गेले.

तिचा दुसरा नाद पेरणीच्या वेळेचा. पालकाला थंडी लागते. नवरात्रात पेरला तर थंडीभर चार-पाच तोडे देतो. संक्रांतीनंतर पेरला तर दोन. होळीच्या सुमाराला पेरला की दिवस मोठे झालेले, ऊन वाढलेलं, तो एका तोड्यातच तुरा काढून मोकळा. पान मोठं होण्याआधी फुलावर येतो, जन्मतःच म्हातारा. अंबाडीचं उलट. ती पावसाच्या तोंडावर पेरावी, शेंडे खुडत जावेत, म्हणजे ती फांद्या फोडत जाते. पोळ्याच्या सुमाराला पेरली तर दिवस लहान होताच गुडघ्याएवढ्या उंचीवर फुलून बसते. हे सगळं अक्का बिनचूक सांगे आणि तेवढ्यावर थांबत नसे. माणसंही ती याच मापाने मोजायची. एखादा शांत, दमाचा माणूस दिसला की तो नवरात्राचा. गावच्या नव्या पुढाऱ्याला तिने पोळ्याची अंबाडी ठरवलं होतं. आणि मी तिला माझं पहिलं छापलेलं पत्रक मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं, तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं, पत्रकात कोथिंबीर गुंडाळली आणि म्हणाली, "तू होळीना पालक शे. हातभर वाढना नही, आनि तुरा काढी बसना."

त्या दिवसापासून तिने माझं नाव पत्रकवाला ठेवलं.

एका थंडीत मी हट्टाने तिच्या शेतावर गेलो. मला विळा धरायचा होता. अक्काने आधी हात धुवायला लावले, मग जमिनीवर आपली चार बोटं आडवी ठेवून दाखवली. या चार बोटांच्या वर कापायचं. खाली पालकाचा जीव असतो, मधोमध, कोवळा. तो राहिला तर झाड पुन्हा उठतं. बाजारातले बाकीचे जमिनीसरशी कापतात, कारण देठ लांब आला की जुडी भरलेली दिसते. झाड मग उठत नाही, उठलं तर रडत उठतं.

मी ऐकलं, मान डोलावली आणि कापायला बसलो. मला नीटनेटकेपणाची हौस. चार बोटांची खुंटं वर राहिलेली पाहून मला तो वाफा अर्धवट हजामत केल्यासारखा वाटला. मी ती खुंटंही साफ केली. दोन हात लांबीची पट्टी अशी स्वच्छ केली की तिथे पेरणी झाली होती हे सांगूनही पटलं नसतं.

अक्का आली. मग खाली बसली, एका बुडख्यावरची माती बोटाने बाजूला केली.

"मुंडकं कापं तू," ती म्हणाली.

मी चूक कबूल केली. तिने विळा काढून घेतला आणि मला बांधावर बसवलं. तिथून मी उरलेलं काम पाहिलं. वाफा कापून झाल्यावर तिने शेणखताचा चुरा पसरला, पाटाचं पाणी हळू सोडलं आणि वाफ्याच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी टाकली. तीन दिवस आत कोणी जायचं नाही. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "भाजी बाळंतीण शे. तिले हात नका लावा."

माझी ती भुंडी पट्टी पुढे दोन महिने तशीच राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला अक्का ती दाखवी आणि कोणी केली हे नावासकट सांगे. असोद्यात मी आजही त्या पट्टीमुळेच ओळखला जातो.

हसून झालं असेल तर आता ऐका. मी हे तुम्हाला हसवण्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

अक्काला बाजारात एक खोड होती. ती स्वतःच्या जुड्यांवर थांबत नसे. येताजाता दुसऱ्याच्या पोत्यावरची जुडी उचलायची, बुडाकडून बघायची, देठ चिमटीत दाबायचा आणि मोठ्याने निकाल द्यायचा. हा चौथा. हा पाचवा. हा पेरलाच उशिरा. गिऱ्हाईक समोर असेल तर आणखी मोठ्याने. शेजारचा अशोकभाऊ लिलावातून माल आणून विकायचा. वीस वर्षं तो तिच्या बाजूला बसला होता, तिचा चहा तोच सांगायचा, आणि वीस वर्षं रोज तिच्याशी भांडायचा. तो म्हणे की मी पेरला नाही, मी कापला नाही, गठ्ठा मिळाला तो आणला, माझा काय दोष. अक्का म्हणे की डोळे तर तुझे आहेत ना. हे भांडण इतकं नेमाचं होतं की एखाद्या दिवशी झालं नाही तर समोरचा लसूणवाला उठून चौकशीला येई.

यंदा संक्रांतीनंतर एक ठेकेदार आला. मुलींच्या एका वसतिगृहाचं जेवण त्याच्याकडे होतं. कुठलं वसतिगृह ते लिहीत नाही. सगळ्याच वसतिगृहांनी आपापल्या भांड्यात डोकावून पाहावं. त्याला आठवड्यातून एकदा टेम्पोभर पालक हवा होता, परीक्षा संपेपर्यंत, एकही आठवडा न चुकता. अक्काचा माल चांगला असं त्याने ऐकलं होतं. तिचे वाफे, तिच्या जावेचे वाफे, आजूबाजूचे आणखी दोघे, सगळ्यांनी मिळून द्यावा असं त्याचं म्हणणं. अक्काने एकच विचारलं, की आठ दिवसांत पालक येतो का. तो म्हणाला, युरिया टाका, येतो. अक्का म्हणाली की पान येतं, पालक येत नाही. आणि तिने पोतं झटकलं. धूळ त्याच्या पँटवर गेली. ती चुकून गेली असं मी म्हणणार नाही.

ठेकेदाराला माल मिळालाच. अशोकभाऊने जमवून दिला. आठ-आठ दिवसांनी कापलेला, जमिनीसरशी कापलेला, संक्रांतीनंतर पेरलेला आणि फेब्रुवारीच्या उन्हात तुऱ्यावर आलेला, सगळा एकत्र. महिन्याभराने त्या वसतिगृहातली एक मुलगी बाजारात आली. परीक्षेच्या दिवसांत जेवण जात नाही म्हणून कच्चं खायला टोमॅटो घेत होती. अक्काने तिचीही तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा मुलीने सांगितलं की रोजच्या भाजीत दोरे निघतात, तोंड कडू होतं, तक्रार केली तर माज आलाय म्हणतात. बहुतेक मुली भाजी तशीच टाकून देतात आणि पाण्याबरोबर पोळी गिळतात.

या मुली सातपुड्याच्या पायथ्यापासून, धुळ्याच्या पलीकडून शिकायला आलेल्या. ज्यांच्या घरच्या परसात चार तऱ्हेच्या रानभाज्या उगवतात, त्यांना शहरात शिक्षणाबरोबर दोरा खायला घालायचा आणि वर माज म्हणायचं. माझ्या हातात तेव्हा कागद असता तर पेटला असता.

अक्काला कागद लागत नाही. पुढच्या वेळी टेम्पो भरताना ती उठली, त्यातली एक जुडी ओढून काढली, भिंतीलगतच्या ओट्यावर चढली आणि सगळ्या बाजाराला दाखवत म्हणाली, "हाऊ सातवा शे. पोरीसले खावाले देतस. आपल्या घरमा कोन खास हाऊ?"

आपल्या घरात हा कोण खातं? याला ठेकेदाराकडे उत्तर नव्हतं. अशोकभाऊकडेही नव्हतं. उत्तर नसलं की माणसं सभा घेतात. विक्रेत्यांची सभा झाली. ठरलं असं, की अक्काने दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही आणि त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. हे मान्य असेल तर जागा तिची. नाहीतर तिने उद्यापासून यायचं नाही. तोंड की जागा, एवढाच प्रश्न होता, आणि तो तिला अशोकभाऊनेच येऊन सांगितला. वाईट माणूस नाही तो. हात जोडून म्हणाला, "अक्का, फक्त गप्प बस. बसशील तिथेच बस, पण गप्प बस."

मी तिच्यासाठी पत्रक लिहिलं. दोन पानी, बारा मागण्या. छापण्याआधी तिला वाचून दाखवलं. अन्याय, मुजोरी, कष्टकरी स्त्रीचा आवाज, या सगळ्यांवर ती जांभई देत होती. मग एका ठिकाणी उठून बसली. मी लिहिलं होतं की पालकाचे सहा तोडे घेणं योग्य. तिने ते पाच करायला लावलं. नंतर म्हणाली की थंडीचे पाच, उन्हाळ्याचा एक, हे वेगळं लिही. नंतर म्हणाली की चार बोटं लिहिलीच नाहीत. शेवटी मागण्या दोन उरल्या आणि बाकी सगळा पालक लागवडीचा धडा झाला. मी तो छापला. लोकांनी वाटताना घेतला आणि पुढच्या वळणावर टाकला. एकाने परत येऊन विचारलं, बियाणं कुठे मिळेल.

अक्काने गप्प बसायचा प्रयत्न केला. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ती हट्टी होती म्हणून गेली असं आता बाजारात बोललं जातं. तिने खरोखर प्रयत्न केला. पूर्ण एक दिवस ती पदराचं टोक दातांत धरून बसली. गिऱ्हाइकालाही काही विचारेना, मागेल ती जुडी देई. अशोकभाऊने चहा सांगितला, तिने मानेनेच नको म्हटलं. लसूणवाला दोनदा येऊन गेला. त्या दिवशी बाजारात भाव सांगायचे आवाज तेवढे येत होते आणि मला ते ऐकवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने धीर धरला. मग एक म्हातारी अशोकभाऊच्या पोत्याशी वाकली आणि त्याच सातव्या तोड्याच्या गठ्ठ्यातली एक जुडी निवडू लागली. अक्काच्या तोंडातून पदर सुटला.

"बाई, दात शेतस का तुले?"

एवढंच. तोड्याचा आकडाही नाही. म्हातारीने हिरड्या दाखवल्या, जुडी खाली ठेवली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी अक्का पहिल्या बसने आली तेव्हा तिच्या तीन हात जागेवर टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटची थप्पी होती. तिने ती स्वतः उचलून बाजूला ठेवली. दोघांनी पुन्हा आणून ठेवली. असं चार वेळा झालं. लोक जमले. चौघांनी मोबाइल काढून चित्रण केलं. तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिने तुमच्या म्हाताऱ्यांचे दात विचारून भाजी दिली, तिच्यासाठी त्या गर्दीतून कोणी एक वाक्य बोललं नाही. मीही. बारा मागण्या लिहिणारा मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि घरी जाऊन यावर काय लिहायचं याचा विचार करत होतो. पाचव्यांदा अक्काने क्रेट उचलला नाही. भाजीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि स्टँडकडे गेली. अशोकभाऊ तिच्याकडे पाठ करून कांदे रचत होता. रचलेलेच कांदे तो पुन्हा रचत होता.

होळीच्या आधी मी असोद्याला गेलो. मनात दुसरं पत्रक तयार होतं. शेतात पोचलो आणि थबकलो. वाफेच्या वाफे तुऱ्यावर आले होते. कमरेएवढे दांडे, हिरवट-पिवळी फुलं, पानं भाल्याच्या टोकासारखी. मार्गशीर्षात पेरलेल्या वाफ्याचे दोनच तोडे झाले होते. दोन अजून घेता आले असते. जी बाई एक दिवस उशीर झाला तर वाफ्याची माफी मागायची, तिने सगळं तसंच सोडून दिलं होतं.

मला वाटलं हा निषेध आहे. मी तसं म्हटलं, जरा भारावूनच. अक्का विहिरीजवळच्या खोपटाच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, निषेध कसला, कापून नेऊ कुठे.

मी म्हणालो की गावात विक, जाव आहे, शेजारी आहेत. ती म्हणाली की विकायची अडचण नाही. मुलगा सुरतला आहे, त्याचं बरं चाललं आहे, तो कधीपासून सांगतो की बाजार सोड. खायची ददात नाही. मग बराच वेळ ती तांदळातले खडे काढत राहिली. त्यात खडे नव्हते.

मग तिने दगडूआबांचं सांगितलं. दगडूआबा म्हणजे तिचा नवरा, मला फक्त नावाने माहीत. आबा पालक पेरायचे ते दरवर्षी उशिरा. ही म्हणायची घट बसले की पेरा. ते म्हणायचे दिवाळीच्या दिव्याला पेरू, काय घाई. ही वाफ्यावर उभी राहून त्यांचा उद्धार करायची, ते शांतपणे बी टाकत राहायचे. तेव्हा दोघं हंगामभर त्यावर भांडायची, जेवताना, पाणी देताना, कापताना. आबा गेले त्या वर्षी तिने पहिल्यांदा बरोबर घटाच्या दिवशी पेरलं. पालक असा आला की बघत राहावं. आणि घरात त्यावर बोलणारं कोणी नव्हतं. पहिला तोडा कापला तशी तिने पहिली बस धरली आणि बाजारात जाऊन बसली, जिथे सकाळपासून कोणी ना कोणी वाद घालतं.

"तो दरसाल चुके, मी दरसाल भांडू," ती म्हणाली. "आते कोनसंगे भांडू?"

माझ्या बारा मागण्यांत ही नव्हती. तीस वर्षं आम्ही समजत होतो की ती आमची उलटतपासणी घेते, आणि ती बाई बोलणं शोधत होती. त्या बाजाराने तिची तीन हात जागा काढून घेतली असं मी लिहिणार होतो. त्यांनी तिचं घर काढून घेतलं होतं, आणि तेही तिने खरं बोलल्याबद्दल.

उठताना मी चाचरत म्हणालो, की दिवाळीलाही पेरायला तशी काही हरकत नसावी. अक्काने सूप खाली ठेवलं. पाऊण तास ती मला बोलत होती. माझ्या अकलेबद्दल, शिक्षणाबद्दल, त्या भुंड्या पट्टीबद्दल. बोलता बोलता उठली, विळा घेतला, तुऱ्याचे दांडे कापून बाजूला टाकायला लागली आणि मधे थांबून चहा टाकला. चहा गोड होता. बोलणं चालूच होतं.

आता ती रोज सकाळी असोद्याच्या बसथांब्यावर लिंबाखाली पोतं अंथरते. उन्हाळा आहे, पालक नाही, चुका आहे, पोकळा आहे, थोडी कोथिंबीर. लोक येतात, जुडी उचलतात, पैसे ठेवतात आणि निघून जातात. कोणी काही बोलत नाही. तिला आता सगळे फार मान देतात.

म्हणून ही मागणी, एकच, आणि ती सरकारकडे नाही. तुम्ही जळगावात असाल, धुळ्याहून जळगावला येत असाल, तर असोद्याची बस धरा. थांब्यावर उतरा. पोत्यावरची एक जुडी उचला, बुडाकडून बघा, देठ चिमटीत दाबा आणि तिला तोंडावर सांगा की अक्का, हे तू आठ दिवस उशिरा पेरलंस. ती चिडेल. तुमच्या आईबापापर्यंत जाईल, तुम्ही कुठल्या हंगामाचे आहात तेही सांगेल. ऐकून घेऊ नका. मान डोलावू नका, माफी मागू नका. उलट उत्तर द्या, आपलंच खरं करा, आणि परतीची बस आली तर जाऊ द्या.